फुटाला एक सूत

शिरोलीहून चाळीस नग परत आले,
प्रत्येकावर खडूची फुली.
पंपाची बॉडी. माझा पहिला पॅटर्न.
सहा आठवडे सागवान तासत
जिच्या पोटाची गोलाई मी बोटांनी पाठ केली होती.

टेम्पोवाला म्हणाला, सही करा.
केली.
त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट नीट आली.

उद्यमनगरात बातमी लेथच्या आधी फिरते.
चहा ठेवताना रंगरावनं
माझ्याकडं बघितलं नाही,
वर साखर जास्त घातली होती.

मोजून बघितलं.
कुठं तडा नाही, कुठं वाकडं नाही.
आख्खी वस्तू फक्त
मागितली होती त्याहून एका नंबरानं धाकटी,
सख्ख्या बहिणीसारखी.

दस्तगीरचाचांनी माझी पट्टी मागितली.
स्टीलची, आयटीआयला नंबर लागला तेव्हा
मामानं घेऊन दिलेली.
शेजारी त्यांनी त्यांची ठेवली,
पितळी, काळवंडलेली.
शून्याला शून्य.
एकपाशी दोघी एकच.
पाचपाशी केसभर अंतर, ते मला चष्म्याचं वाटलं.
बारापाशी त्यांची पट्टी
माझीला मागं टाकून
एक सूत पुढं जाऊन उभी.

"बीड थंड हुताना अंग आखडून घेतंय," चाचा म्हणाले.
"फुटाला एक सूत.
बिडाला सांगून उपेग न्हाई, त्ये ऐकत न्हाई.
लाकडानंच आधी मोठं व्हायचं असतंय."

"मी चुकलो, चाचा."
आमच्या कोल्हापुरात पोरीही असंच बोलतात,
आलो, गेलो, चुकलो.

ते काही बोलले नाहीत. दाराशी गेले.
दाराला टेकवलेला तो लोखंडी ठोकळा
दोन वर्षं मी पायानं सारत आले होते,
एकदा करंगळी फुटली तेव्हा
त्याच्या आईबापाचा उद्धारही केला होता.
चाचांनी तो उलटा केला.
गंजाखाली अक्षरं होती,
कुठल्याशा ऑइल इंजिनचं नाव,
आरशात दिसावं तसं.

"शिक्का असतोय तसं कोरलो व्हतो. उलटं.
म्हटलं, उठंल सरळ.
लई डोकं चालवलं त्या वर्षी.
साठ नग."

बाकीचे एकोणसाठ?

"वितळलं की. त्यातनंच म्होरची साठ वतली."

आणि टोपी सारखी करत ते जोहरला निघून गेले.

संध्याकाळी मी पंचगंगेच्या पुलावरून शिरोलीला गेले.
टेम्पो माझ्यापुढं, त्यात माझेच नग,
खड्ड्याखड्ड्याला वाजत होते.
भट्टीपाशी एक पोरगा घण घेऊन उभा होता.
बीड वाकत नाही.
एक घाव, आणि आतला करडा, दाणेदार रंग
पहिल्यांदाच उजेडात.
सातव्या तुकड्यापर्यंत डोळे भरत होते,
पुढं मी प्रत्येक तुकडा उचलून
भिंत कुठं जाड, कुठं पातळ, बघू लागले.
विसाव्याला पोरगा म्हणाला,
"ताई, बाजूला व्हा, लागंल."

दुसऱ्या खेपेला माप बरोबर उतरलं
आणि पोटात हवा अडकून तेरा नग गेले.
ती वेगळीच चूक होती, मला नवी.
चाचा तिच्याकडं बघून
जुना पाहुणा आल्यासारखे हसले.
तिसऱ्या खेपेचं सांगण्यासारखं काही नाही.
चेक वटला.

आता दोन्ही पट्ट्या एकाच खिळ्याला असतात.
मामाची टाकली नाही.
करताना चाचांची लागते,
झालेलं मोजायला मात्र तीच.

त्या चाळिसातला एक नग
मी घणाखालून मागून आणला.
दाराला चाचांचा आहे,
म्हणून हा खिडकीखाली ठेवलाय.
त्याला अजून
काही काम सापडलेलं नाही.